सोसण्याचं कौतुक पुरे

आपल्या मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत! डोकं ठणकतं, दात सणकतो, पाठीत उसण भरते, कमरेत चमक निघते, पोटात मुरडा येतो, गळू ठुसठुसतं आणि बाळंतपणात कळा येतात. प्रत्येक दुखण्याची जात वेगळी आणि तिच्यासाठी शब्दही वेगळा. एवढे बारकावे ज्या भाषेत आहेत, त्याच भाषेत बाईच्या दुखण्यावरचा उपाय मात्र पिढ्यान्‌पिढ्या एकच सांगितला जातो : 'सोस.' टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपल्याला लहानपणापासून ऐकवलं जातं. देवपण कुणाला हवं आहे, हे मात्र कुणी विचारत नाही.

मी वैद्यकीय समाजसेविका आहे. एमएसडब्ल्यू झाल्यापासून काही वर्षं सरकारी रुग्णालयात आणि आता वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करते. माझं काम तसं कागदाचं. कुणाचं योजनेचं कार्ड अडलेलं असतं, कुणाला मोठ्या दवाखान्यात पाठवायचं असतं, कुणाला रक्त हवं असतं. पण कागद भरता भरता बायका बोलतात. पन्नाशी उलटलेली बाई पहिल्या बाळाचं वजन विसरलेली असते, तारीखही विसरलेली असते. बाळंतपणाच्या खोलीत आपल्याला कोण काय बोललं, ते मात्र ती शब्दन्‌शब्द सांगते. "आता ओरडतेस, तेव्हा नाही ओरडलीस?" हे वाक्य मी इतक्या बायांच्या तोंडून ऐकलं आहे की, ते एखाद्या पाठ्यपुस्तकात छापलं असावं असं वाटतं. दुसरी तक्रार खालच्या टाक्यांची. टाके घालताना भूलीचं इंजेक्शन दिलंच नाही, किंवा दिलं आणि त्याचा परिणाम व्हायची वाट न बघता सुई घातली. लिग्नोकेन हे त्या जागेपुरती बधिरता आणणारं औषध स्वस्त आहे आणि त्यासाठी भूलतज्ज्ञही लागत नाही. तरीही ते दिलं जात नसेल, तर कारण औषधाच्या कपाटात शोधून सापडणार नाही.

म्हणून या अंकाचं संपादकीय वेदनेबद्दल आणि ती शमवणाऱ्या वैद्यकशास्त्राबद्दल लिहायचं ठरवलं. भूलशास्त्र हा डॉक्टरांचा विषय, त्यात आपण कशाला पडायचं, असं काहींना वाटेल. पण या शास्त्राच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो आपल्याच चळवळीचा आहे. "मला दुखतंय" असं बाई म्हणाली, की ते खरं धरायचं की नाही हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा?

शास्त्राने याचं उत्तर दिलेलं आहे. वेदनेचा अभ्यास करणारी जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिने १९७९ साली केलेली वेदनेची व्याख्या २०२० साली सुधारली. नव्या व्याख्येनुसार वेदना ही शरीराची आणि मनाची अशी दोन्ही मिळून होणारी क्लेशकारक अनुभूती आहे. शरीराला प्रत्यक्ष इजा झालेली असो, होण्याची शक्यता असो, किंवा नुसता तसा अनुभव येत असो, ती वेदनाच. आणि व्याख्येला जोडलेल्या टिपांमध्ये स्पष्ट म्हटलं आहे की, माणूस आपल्याला वेदना होते असं सांगतो तेव्हा त्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. सोनोग्राफीत काही दिसलं नाही, रक्ताचा रिपोर्ट चांगला आला, म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, ही आपली म्हण आता वैद्यकशास्त्राचीही भूमिका झाली आहे, असं म्हणायला हरकत नाही. पण व्याख्या बदलली म्हणून वॉर्ड बदलत नाही.

थोडं मागे जाऊन पाहू. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टन इथे विल्यम मॉर्टन यांनी ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया करता येते हे जाहीरपणे दाखवून दिलं. पुढच्याच वर्षी, १८४७ च्या जानेवारीत, एडिंबरोमध्ये जेम्स यंग सिम्प्सन या डॉक्टरांनी बाळंतपणासाठी ईथर आणि नोव्हेंबरपासून क्लोरोफॉर्म वापरलं. शस्त्रक्रियेतल्या भुलीचं जगभर स्वागत झालं, पण बाळंतिणीला दिलेल्या भुलीवर वाद उठला. बाईने वेदनेत मुलं जन्माला घालावीत अशी ईश्वराचीच आज्ञा आहे, मग ती वेदना काढून घेणारे तुम्ही कोण, असा आक्षेप होता. त्याला उत्तर देण्यासाठी सिम्प्सन यांना त्याच वर्षी एक पुस्तिकाच लिहावी लागली. १८५३ साली व्हिक्टोरिया राणीने आपल्या बाळंतपणात डॉक्टर जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतलं, तेव्हा कुठे तो सुसंस्कृत घरांत चालू लागला. राणीला जे चाललं ते बाकीच्यांना चालण्यासाठी मात्र त्या बाईच्या हातात पैसा लागतो, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे.

त्याच काळात अमेरिकेच्या अलाबामा राज्यात मॅरियन सिम्स नावाचा डॉक्टर गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग करत होता. बाळंतपणात अडून लघवीच्या पिशवीला भोक पडतं, ते शिवण्याची पद्धत त्याने १८४५ ते १८४९ या काळात बसवली. अनार्का, बेट्सी, लूसी अशी त्यांच्यापैकी तिघींची नावं आपल्याला माहीत आहेत. एकट्या अनार्कावर सुमारे तीस वेळा शस्त्रक्रिया झाली, आणि भुलीशिवाय. काळ्या स्त्रियांना कमी दुखतं, असं तेव्हाचे गोरे डॉक्टर मानत. सिम्सला 'स्त्रीरोगशास्त्राचा जनक' म्हणून मान मिळाला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा २०१८ साली हलवण्यात आला, तोही लोकांनी वर्षानुवर्षं मागणी केल्यावर.

ही गोष्ट दूरची म्हणून सोडून देऊ नका. "गावाकडच्या बायका काटक असतात," "यांना सवय असते," "ह्या शेतात बाळंत होतात, यांना काय होतंय," ही वाक्यं मी आजच्या वॉर्डांत ऐकली आहेत. बोलणारे वाईट माणसं होती असंही नाही. ज्या बाईची जात, वर्ग, भाषा आपल्यापासून लांब असते तिचं दुखणंही आपल्याला लांबून ऐकू येतं. कोण किती सोसू शकते याचा हिशेब सगळीकडे दुसऱ्यानेच मांडलेला असतो.

आपल्या देशात हा हिशेब सगळ्यांत उघडा दिसतो तो नसबंदीच्या टेबलावर. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार कुटुंबनियोजनासाठी स्त्री-नसबंदीवर अवलंबून असलेल्यांचं प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष-नसबंदीवर अवलंबून असलेल्यांचं ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, कमी धोक्याची, तरीही टेबलावर आडवी होते ती बाई. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एका डॉक्टरने काही तासांत ८३ बायांवर शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांतल्या १३ जणी दगावल्या. बिहारमधल्या अशाच एका शिबिरावरून देविका बिस्वास यांनी २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिचा निकाल सप्टेंबर २०१६ मध्ये लागला आणि तीन वर्षांत ही शिबिरं बंद करा असं न्यायालयाने सांगितलं. त्यानंतर सहा वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, बिहारच्याच खगडिया जिल्ह्यातून बातमी आली. सुमारे दोन डझन बायांची नसबंदी नीट भूल न देताच केली, ओरडणाऱ्या बायांचे हातपाय धरून ठेवले, अशी त्यांची तक्रार होती. चौकशीचे आदेश निघाले.

इथे एक प्रश्न मला सतावतो. धरून ठेवणाऱ्यांमध्येही बायकाच असणार. एका बाईचा पाय दुसरी बाई दाबून धरते आणि म्हणते, "थोडंच राहिलंय, सोस." तिच्याही बाळंतपणात कुणीतरी असंच म्हटलेलं असतं. सासूने सुनेला सांगितलेली गोष्ट नर्सने पेशंटला सांगावी, इतकी ती आपल्या अंगवळणी पडली आहे.

हे फक्त गरीब देशात घडतं असंही समजू नका. २०२० साली अमेरिकेत येल विद्यापीठाच्या वंध्यत्व उपचार केंद्रात बीजांडं काढून घेताना अनेक स्त्रिया टेबलावर वेदनेने कळवळत होत्या. त्या शिकलेल्या, पैसे भरलेल्या, आपलं म्हणणं नीट मांडू शकणाऱ्या होत्या. त्यांनी सांगितलं की दुखतंय, आणि त्यांना उत्तर मिळालं की औषध तर दिलं आहे. पुढे उघडकीस आलं की, तिथली एक नर्स फेंटानिल हे वेदनाशामक औषध कुप्यांतून स्वतःसाठी काढून घेत होती आणि त्या कुप्यांत सलाईन भरून ठेवत होती. जून ते ऑक्टोबर असे पाच महिने हे चाललं. नर्सचा गुन्हा तिच्या जागी. पण पाच महिन्यांत एवढ्या बाया ओरडल्या आणि कुणालाही औषधाची शंका आली नाही, शंका आली ती बायांचीच, हे मला जास्त भयंकर वाटतं.

संशोधनही या आजारातून सुटलेलं नाही. जेफ्री मोगिल हे वेदनेचे संशोधक आहेत. 'पेन' या त्या विषयातल्या प्रमुख नियतकालिकात दहा वर्षांत छापून आलेले प्राण्यांवरचे अभ्यास त्यांनी आणि एका सहकाऱ्याने २००५ साली तपासले. तेव्हा ७९ टक्के अभ्यास फक्त नरांवर केलेले आढळले. माद्यांच्या शरीरात पाळीच्या चक्राने चढउतार होतात, निष्कर्ष बिघडतात, म्हणून नर उंदीर सोयीचे. गंमत अशी की, दीर्घकाळ दुखणं घेऊन जगणाऱ्या माणसांमध्ये बायकांचं प्रमाण जास्त आहे. मग २०१५ मध्ये उंदरांवरच्याच एका महत्त्वाच्या अभ्यासात दिसलं की, चेतातंतूंच्या इजेनंतरची वेदना टिकून राहण्यात नर आणि मादी यांच्या शरीरात वेगवेगळ्या पेशींचा हात असतो. म्हणजे नरावर तपासलेलं औषध मादीला तसंच लागू पडेल, हे गृहीत धरता येत नाही. माणसांबद्दलही एक गोष्ट आता कळली आहे. संपूर्ण भुलीतून बायका पुरुषांपेक्षा लवकर जाग्या होतात आणि शस्त्रक्रिया चालू असताना मध्येच भान येण्याचा धोका त्यांना जास्त असतो, असा निष्कर्ष २०२३ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ अनेस्थेशिया'मध्ये आला. "मला सगळं ऐकू येत होतं," असं सांगणाऱ्या बाईला 'तुझा भास' म्हणण्याआधी यापुढे विचार करावा लागेल.

पण बाईच्या दुखण्याकडे दुर्लक्ष होतं, एवढंच म्हटलं तर चित्र अर्धं राहील. दुसरी बाजू तितकीच क्रूर आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला आणि राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. तेव्हा ८२ हजारांहून जास्त बायांची पाहणी झाली आणि त्यांत १३ हजारांहून जास्त बायांची पिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या कितीतरी ऐन तिशीतल्या. पोटात दुखतं, अंगावरून पांढरं जातं, ही त्यांची तक्रार. फडात संडास नाही, पाणी नाही, पाळीत विश्रांती नाही. एक दिवस खाडा केला तर मुकादम दंड लावतो. दुखण्याचं कारण शोधायला, औषध द्यायला, वाट पाहायला कुणाला सवड नव्हती, म्हणून अवयवच काढून टाकला. बाईचं दुखणं एकतर ऐकायचंच नाही, आणि ऐकलं तर तिला कापायचं. या दोन्हींच्या मध्ये उपचार नावाचा जो लांबलचक रस्ता आहे, तो तिच्या वाट्याला येत नाही.

आता आपल्या चळवळीकडे वळते. स्त्री आरोग्याची चळवळ औषधकंपन्यांविरुद्ध आणि बायकांवर लादल्या जाणाऱ्या तंत्रज्ञानाविरुद्ध लढत मोठी झाली. नेट-एन या संततिप्रतिबंधक इंजेक्शनाविरुद्ध हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, ती आपली परंपरा आहे. बाळंतपण हा आजार नाही, त्याला मशीनच्या ताब्यात देऊ नका, हे आपण सांगत आलो आणि ते योग्यच होतं. पण हे सांगता सांगता बाळंतपणातल्या वेदनेविषयी आपण थोडं गप्प राहिलो. जणू नैसर्गिक म्हणजे बिनतक्रार, असा अर्थ आपणही नकळत मान्य केला.

इतिहास इथेही सावध करतो. १९१४ साली अमेरिकेत बायकांनीच संघटना काढून 'ट्वायलाइट स्लीप' म्हणजे गुंगीतल्या बाळंतपणाची मागणी केली होती. मताधिकाराच्या चळवळीतल्या बायका तिच्यात होत्या. स्कोपोलामिन आणि मॉर्फिन देऊन बाळंतपण होई. बाईला नंतर काही आठवत नसे. पण वेदना मात्र होतच असे. गुंगीत ती हातपाय झाडी, म्हणून तिला बांधून ठेवत. बाहेर नातेवाइकांना वाटे, किती शांत बाळंतपण! वेदना शमणं आणि वेदनेची आठवण पुसणं यांत फरक आहे, आणि तो फरक ओळखण्यासाठी बाई शुद्धीत आणि निर्णयात असावी लागते.

आज ते शक्य आहे. मणक्याच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत एक बारीक नळी बसवून तिच्यातून सौम्य औषध देतात, त्याला एपिड्युरल म्हणतात. बाई जागी असते, बोलते, बाळाला बघते, आणि कळांची धार बोथट झालेली असते. निरोगी बाईने मागितल्यास वेदनाशमनाचा एक पर्याय म्हणून एपिड्युरल द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शनात म्हटलं आहे. यात काहीच धोका नाही असं मी म्हणणार नाही. रक्तदाब उतरू शकतो, अंगाला खाज सुटते, पाय जड होतात, शेवटचा टप्पा लांबू शकतो, आणि बाई-बाळावर सतत लक्ष ठेवणारं माणूस लागतं. पण सिझेरियनचं प्रमाण यामुळे वाढत नाही आणि कायमची पाठदुखी लागत नाही, असं कॉक्रेन या संस्थेने २०१८ साली अनेक चाचण्या एकत्र तपासून सांगितलं.

पाठदुखीचं ऐकून तुमच्यापैकी अनेकींच्या भुवया वर गेल्या असतील. "सिझरच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिलं, तेव्हापासून कंबर गेली," हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. कंबर दुखते हे शंभर टक्के खरं. पण नऊ महिने पोटाचा भार, सैल पडलेले सांधे, रक्त आणि कॅल्शियमची कमतरता, वाकून पाजणं, सव्वा महिना होताच हंडे-कळश्या आणि धुणं, यांना सोडून आपण दोष सुईला देतो. सुईला दोष दिला की घरातल्या कामाची वाटणी तशीच राहते, म्हणून ही समजूत इतकी टिकली असावी. मणक्यातल्या इंजेक्शनानंतर एक त्रास मात्र खरोखर होऊ शकतो. उठून बसल्यावर कपाळ-मान फुटेल असं डोकं दुखतं आणि आडवं झालं की उतरतं. आता बारीक, वेगळ्या टोकाच्या सुयांमुळे ते कमी झालं आहे. झालंच तर त्यावर उपचार आहे. तेव्हा ते अंगावर न काढता डॉक्टरांना सांगायचं.

मग हे सगळं आपल्याला का मिळत नाही? याच पाहणीचे आकडे सांगतात की, खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने होतात आणि सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के. ज्या खासगी दवाखान्यात सिझेरियनसाठी अर्ध्या तासात भूलतज्ज्ञ येतो, तिथे कळा शमवण्यासाठी येत नाही. कारण एपिड्युरल दिल्यावर त्याला तासन्‌तास थांबावं लागतं, आणि थांबण्याचे पैसे कुणी देत नाही. कळांना घाबरून बाई स्वतःच "सिझर करा" म्हणते, आणि मग आपण म्हणतो, हल्लीच्या मुलींना सोसत नाही. सरकारी दवाखान्यात तर भूलतज्ज्ञाची जागाच रिकामी असते. तातडीच्या सिझेरियनसाठी तरी कुणी असावं म्हणून सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना भूल देण्याचं १८ आठवड्यांचं प्रशिक्षण सुरू केलं. त्याने जीव वाचले असतील, पण ते टंचाईवरचं ठिगळ आहे. ज्या तालुक्यात भूल देणारं माणूस नाही, तिथली बाई अडली की ॲम्ब्युलन्समध्ये घालून जिल्ह्याला पाठवतात, आणि वाटेत काय होतं ते आपण वर्तमानपत्रात वाचतो.

भूलतज्ज्ञांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. लहान शहरांत हे डॉक्टर सकाळपासून रात्रीपर्यंत एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात पळत असतात. पेशंटला ते मास्कमागे, टेबलावरच पहिल्यांदा दिसतात. आदल्या दिवशी येऊन तपासावं, दमा-रक्तदाब विचारावा, भीती घालवावी, हे त्यांचं शास्त्रच सांगतं, पण त्याला वेळ आणि मोबदला कुणी देत नाही. काही बिघडलं की मात्र "भूल जास्त झाली" म्हणून जमाव त्यांच्यावर धावून जातो. ज्या कामाची किंमतच धरली जात नाही ते काम करणारा माणूसही दिसेनासा होतो, हे आपल्याला, घरकाम करणाऱ्या बायांना, कुणी नव्याने सांगायला नको.

शेवटचा मुद्दा कर्करोगाच्या वेदनेचा. गर्भाशयमुखाच्या आणि स्तनाच्या कर्करोगात आपल्या बाया शेवटच्या टप्प्यात दवाखान्यात पोचतात. तिथे बरं करण्यासारखं उरलं नसलं तरी वेदना कमी करता येते. त्यासाठीची मॉर्फिनची गोळी महाग नाही. औषधासाठी कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत आपला देश आहे. तरीही २०१७ साली 'लॅन्सेट'च्या आयोगाने दाखवून दिलं की, अशा औषधांची जेवढी गरज भारतात आहे, तिच्या जेमतेम ४ टक्के भागते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचं एवढं जंजाळ उभं केलं की, दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. केरळातले डॉक्टर एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ साली कायदा सुधारला आणि मान्यताप्राप्त दवाखान्यांना एकाच परवान्यावर हे औषध ठेवता येऊ लागलं. कायदा बदलला, पण आपल्या जिल्ह्यात असे दवाखाने किती, हे विचारायला आपण अजून गेलेलो नाही.

म्हणून मैत्रिणींनो, काही कामं ठरवू या. प्रत्येक गटाने आपल्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात. भूलतज्ज्ञाची जागा भरली आहे का? बाळंतपणानंतर टाके घालताना बधिर करण्याचं औषध दिलं जातं का? मॉर्फिन मिळतं का? उत्तर तोंडी मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा. दवाखान्यात बाळंतिणीला सन्मानाने वागवावं आणि तिच्यासोबत तिच्या विश्वासाचं माणूस असू द्यावं, हे केंद्र सरकारच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमातच लिहिलेलं आहे. ते दाखवून सोबत थांबायचा आग्रह धरा. तांबी बसवताना, पिशवीची तपासणी करताना "मुंगी चावल्यासारखं वाटेल" असं सांगून गप्प करू देऊ नका. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२५ साली आपल्या डॉक्टरांना सांगितलं की, अशा वेळी दुखण्याची कल्पना आधी द्या आणि ते कमी करण्याचे पर्याय समोर ठेवा. आपल्या डॉक्टरांच्या संघटनांकडे आपणही तेच मागू या.

आणि शस्त्रक्रियेच्या आधी स्वतःसाठी एवढं करा. भूल कोण देणार ते विचारा, त्यांना आदल्या दिवशी भेटायला मागा. आधीच्या भुलीचा अनुभव, चालू गोळ्या, दमा, सगळं सांगा. एसटीत बसल्यावर गाडी लागत असेल तर तेही सांगा, कारण अशा बायांना भुलीनंतर उलट्या जास्त होतात आणि त्या टाळण्याचं औषध असतं. लहानशी गोष्ट आहे, पण विचारलं नाही तर कुणी सांगत नाही.

एक काम दवाखान्याच्या बाहेरचं आहे, घरातलं. पाळीत पोट धरून बसलेल्या मुलीला "सगळ्यांनाच दुखतं" म्हणण्याऐवजी "कुठं दुखतं, कसं दुखतं, किती दिवस?" असं विचारू या. एंडोमेट्रिऑसिससारखा आजार जगातल्या सुमारे १० टक्के बायांना पाळीच्या वयात असतो, आणि त्याचं निदान उशिरा होण्याचं एक मोठं कारण हे "सगळ्यांनाच दुखतं" आहे. दुखण्याला एवढे शब्द आपल्या भाषेत आहेत, ते मुलीला वापरू द्या. ठणकतं, सणकतं, मुरडतं, जे असेल ते तिने सांगावं आणि आपण खरं मानावं.

तुमच्या गावच्या दवाखान्यात तुम्हाला काय उत्तर मिळालं, तुमच्या बाळंतपणात कुणी तुमचं दुखणं ऐकलं की नाही, ते आम्हाला लिहून कळवा. चांगले अनुभवही लिहा. हात धरून "आता इंजेक्शन देते हं, थोडं थांबू या" म्हणणाऱ्या नर्स आणि डॉक्टर आपल्याकडे आहेत, त्यांची नोंद व्हायला हवी. तुमची पत्रं पुढच्या अंकात छापू आणि त्यांतून एक निवेदन तयार करून आरोग्य संचालकांकडे नेऊ.